तलावात मोरचूद (कॉपर सल्फेट) किती टाकायचा? पोळा आठ दिवसांवर!

केळीवाला_यावल: गावतळं पार हिरवं झालंय. पंधरा दिवस पावसाची उघडीप. पोळ्याला बैल कुठं धुवायचे? बोर्डो फवारणीच्या मिश्रणासाठी आणलेला ५ किलो मोरचूद घरात पडलाय. किती टाकू तेवढं सांगा, लेक्चर नको.

वाघूरकाठ: तळं केवढं, खोली किती? हिरवं म्हणजे शेवाळ की जलपर्णी? मासे आहेत?

केळीवाला_यावल: गावतळ्याएवढंच, अजून काय सांगू! जांभळ्या फुलांची जलपर्णी एका कोपऱ्यात. बाकी पाणीच हिरवं.

भो_जळगावकर: गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा. माझ्या शेततळ्यात सोडला, सगळं गवत साफ.

वाघूरकाठ: गवत खातो म्हणून गवत्या. पाण्यात मिसळलेलं शेवाळ त्याला नाही जमत, त्यासाठी चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) लागतो. दोन्ही मूळचे चीनकडचे. सांडव्यावरून नाल्यात गेले तर परत कोण आणणार?

भो_जळगावकर: चिलापी (तिलापिया मासा) काय खान्देशातली आहे का भो? ती झालीच ना सगळीकडे.

धुळ्याना_पोऱ्या: आमना गावले बी असंच व्हयनं व्हतं भाऊ. गाळ काढा.

सोलरपंप: पंपाच्या पाण्यातल्या फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, मोटर जळणार नाही.

केळीवाला_यावल: मोटरचं कोण विचारतंय? मासे आहेत, ठेका दिलाय. परवा पहाटे पृष्ठभागावर तोंडं काढून होते.

वाघूरकाठ: हे आधी सांगायचं ना! रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं, पहाटे तो सगळ्यात कमी. मोरचुदाने शेवाळ एकदम मेलं की सडताना उरलेलाही जातो. ठेकेदाराचे मासे उलटे तरंगतील. एक काठी बुडवून काढा, काय लागतं?

केळीवाला_यावल: काठीला शेवाळाची तार नाही लागत. हिरवा ऑइलपेंट लागल्यागत. घाण वास.

वाघूरकाठ: मग बहुतेक निळं-हिरवं शेवाळ. ते विषारी असू शकतं, मोरचुदाने पेशी फुटल्या की विष पाण्यात. बैल धुऊ नका, पाजूही नका. ग्रामपंचायतीला सांगून नमुना तपासून घ्या. जलपर्णी हाताने ओढा, पण काठावर ढीग नको, दोन सरींत परत तळ्यात. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. तळ्याच्या वरच्या अंगाला काय आहे?

केळीवाला_यावल: केळीच. आमचीच. आणि गावची गटार.

वाघूरकाठ: म्हणजे डीएपी खत अन् साबणाचं पाणी, शेवाळाला आयतं जेवण.



केळीवाला_यावल: बैलांना टँकर सांगतो. पुडा फोडलेला मोरचूद दुकानदार परत घेतो का?