मदत हवी आहे: चपलांचं दुकान, कंपोझिशनमध्ये राहून ऑनलाइन विकणं परवडतं का?

कराडला आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, आठ आणि नऊ दोन्ही नंबर पायात घालून आरशासमोर फिरतं, खोक्याच्या कडेवरच्या आर्टिकल नंबरचा फोटो काढतं आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जातं. तोच जोड ऑनलाइन कधीकधी आमच्या खरेदीपेक्षाही स्वस्त असतो. त्यामुळे भाव उतरवायचा सल्ला कृपया नको, ते करून झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग, गावात घरपोच, नंबर बदलून देणं, सगळं चालू आहे. शाळेचे बूट आणि वयस्कर मंडळींच्या मऊ चपला अजून खपतात. स्पोर्ट्स शूज मात्र पार बसलेत.

आता स्वतःच ऑनलाइन उतरायचं म्हणतोय. अडचण अशी की आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी योजना) आहोत, उलाढालीवर १ टक्का भरतो. ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांना ई-कॉमर्सवर विकता येतं, पण राज्यातल्या राज्यातच. रेग्युलरला, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत गेलो तर राज्याबाहेरही पाठवता येईल, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळेल. पण दर महिन्याची कागदपत्रं वाढतील आणि दुकानात माणूस एकच. सीए म्हणतात, "तुम्हीच ठरवा." (ठरवता आलं असतं तर विचारलं असतं का?)

कंपोझिशनमध्ये राहून फक्त महाराष्ट्रात, ओएनडीसीवर (सरकारच्या पुढाकाराचं खुलं ऑनलाइन विक्रीचं नेटवर्क) किंवा मोठ्या अ‍ॅपवर, चपला विकणारं इथे कोणी आहे का? कमिशन, कुरिअर आणि तळवे मळून परत आलेले जोड वजा जाता हजाराच्या जोडामागे हातात नक्की किती उरतात?