लॉकडाऊनमध्ये गच्चीवर चालायला सुद्धा बंदी? आणि खरंच धोका किती?

चहाबाज_चिऊ (१९ एप्रिल २०२०, सकाळ)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. सासूबाई ६६ वर्षांच्या, शुगर गेली १४ वर्षं, आणि गेली दहाएक वर्षं रोज पहाटे तळजई टेकडीवर जाऊन पाऊण तास चालणार म्हणजे चालणार, पाऊस असो की थंडी. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून ते बंद. टेकडी बंद, बाग बंद, ते ठीक आहे समजतं आपल्याला, पण आमच्या सोसायटीने गच्चीला पण कुलूप लावलंय! सेक्रेटरी काका म्हणतात एकाला चावी दिली की सगळे येतील, मुलं पतंग उडवतील आणि वर पार्टी सुरू होईल. उपाशीपोटीची शुगर महिन्याभरात १२५ वरून १६८ झालीय. डॉक्टर फोनवर म्हणाले चालायला हवं, आता कुठे ते त्यांनी नाही सांगितलं.

काल आई कोणाला न सांगता पहाटे दुधाची पिशवी हातात घेऊन खाली उतरल्या आणि डेअरीच्या उलट्या दिशेला चालायला लागल्या. चौकात पोलिसांनी अडवलं. बाईमाणूस आणि वय बघून सोडलं, पण "आजी, डेअरी मागे राहिली" असं म्हणाले म्हणे, त्यामुळे आई तेव्हापासून घुश्शात आहेत.

तर प्रश्न दोन. मोकळ्या हवेत एकट्याने चाललं तर खरंच कोरोना होतो का? आणि होत नसेल तर सोसायटीशी भांडावं का?

नाना_निवृत्त

चिऊताई, वाईट वाटून घेऊ नका पण स्पष्ट बोलतो. मॉर्निंग वॉक अत्यावश्यक सेवेत येत नाही. सरकारी आदेश मोडला म्हणून कलम १८८ खाली गुन्हे दाखल होतायत, रस्त्यावर योगासनं करायला लावलेल्या वॉकवाल्यांचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेलच. चौकातल्या हवालदाराने कोणाची शुगर खरी आणि कोणाची दुधाची पिशवी खोटी हे कसं ओळखायचं? तुमच्या सासूबाई एकट्या चालतीलही, पण मी ३० वर्षं टेकडीवर जातोय, तिथे चालणं वीस मिनिटं आणि कट्ट्यावर गप्पा चाळीस मिनिटं असतात, वर येताना कोणीतरी थर्मासमधून चहा आणतो आणि एकाच झाकणातून चौघं पितात. चालण्याला परवानगी दिली की हे सगळं मागच्या दाराने आलंच. २१ दिवस काढले, आता ३ मे पर्यंत अजून थोडं. घरात चाला. मी हॉल ते किचन ते बेडरूम अशा २०० फेऱ्या मारतो, सौ. म्हणते फरशी झिजेल.

गिरणगावकर

नाना तुमच्याकडे हॉल, किचन आणि बेडरूम आहे म्हणून २०० फेऱ्या होतात हो.

आमच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच जण, मी फेरी मारली तर पोरीच्या वहीवर पाय पडतो. घराबाहेर पडू नका असं टीव्हीवर रोज सांगतात आणि आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या दहा खोल्यांना मिळून चार. म्हणजे घराबाहेर तर आम्ही दिवसातून दोनदा पडतोच, ते पण रांगेत, ते पण सगळ्यांनी हात लावलेल्या कडीला हात लावून. आता मला सांगा धोका तिथे जास्त की पहाटे पाच वाजता रिकाम्या गच्चीवर? आमच्याकडे कोणी विचारलं नाही, आम्हीच ठरवलं. गॅलरी ४२ पावलं आहे, प्रत्येक खोलीतल्या म्हाताऱ्या माणसाला वेळ वाटून दिलीय, त्यांची वेळ असली की बाकीच्यांनी आत जायचं. बाबा साडेपाच ते सहा. रुमाल बांधून. कडी रोज सकाळी ब्लिचिंगच्या पाण्याने पुसतो.

भांडू नका, वेळापत्रक करून द्या. सेक्रेटरी लोकांना कागद आवडतो.

टेम्सकाठचा_तात्या

मी लंडनला असतो, इथे २३ मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हाच सांगितलं की दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर जायला हरकत नाही, एकट्याने किंवा घरच्यांबरोबर. म्हणजे इथे उलटंय, शाळा बंद पब बंद पण पळायला जा. पण नाना म्हणतात ते पण होतंच. ब्रॉकवेल पार्क म्हणून मोठी बाग आहे, एका शनिवारी ऊन काय पडलं तीन हजारावर माणसं आली, ऊन खात लोळायला लागली, रविवारी कौन्सिलने बागच बंद केली. दोनेक दिवसात उघडली परत. बाग नसलेल्या फ्लॅटमधली माणसं कुठे जाणार हा इथे पण वाद झालाच.

फ्रान्समध्ये घराच्या १ किलोमीटरच्या आत एक तास, खिशात स्वतःच भरलेला फॉर्म ठेवायचा, आणि पॅरिसमध्ये सकाळी १० ते संध्याकाळी ७ पळायला बंदी. स्पेनमध्ये तर मोठ्या माणसाने नुसतं चालायला बाहेर पडायचं नाही, पण कुत्र्याला फिरवायला चालतं!! म्हणजे व्हायरस तोच, आणि प्रत्येक देशाचा नियम वेगळा. हा नियम बराचसा आपली माणसं कशी वागतील या अंदाजावर केलेला असतो, हवेवर कमी.

चिऊच्या पहिल्या प्रश्नाचं. चिनी संशोधकांचा एक पेपर आलाय (अजून तपासून छापलेला नाही, नुसता ऑनलाईन आहे). त्यांनी वुहानचा प्रांत सोडून बाकी चीनमधले ३१८ उद्रेक बघितले, प्रत्येकात ३ किंवा जास्त रुग्ण, आणि सगळेच्या सगळे बंद जागेतले. बहुतेक घरात, मग गाड्या बसेस. ७ हजारावर केसेसमध्ये उघड्यावरची घटना एक, त्यात दोनच माणसं, म्हणून ती त्या ३१८ मध्ये नाही. आता लगेच नाचू नका, हे जानेवारी फेब्रुवारीचं आहे, तेव्हा कडाक्याची थंडी आणि लोक तसेही घरात कोंडलेले, त्यामुळे उघड्यावर लागण कमी दिसणारच. तरी पण फरक फारच मोठा आहे हे खरं.

नाना_निवृत्त

मग ते पळणाऱ्याच्या मागे दहा मीटर ढग राहतो त्याचं काय? ग्रुपवर रंगीत चित्र फिरतंय.

टेम्सकाठचा_तात्या

नाना ते ब्लोकेन नावाच्या प्रोफेसरांचं आहे, बेल्जियम हॉलंडकडचे, ते वाऱ्याच्या प्रवाहाचे तज्ज्ञ. थेंब कुठपर्यंत जातील याचं कॉम्प्युटरवरचं गणित आहे ते, त्यातून लागण होते की नाही हे त्यात नाहीच. घ्यायचं ते एवढंच की कोणाच्या पाठीला चिकटून पळू नका, बाजूने जा. पुण्यात फुटपाथवर तसंही दहा मीटर सलग पळता येत नाही 😄

पांढरी_चप्पल

मी सिस्टर आहे, कोल्हापूरला. ड्युटीवरून आत्ताच आलेय, त्यामुळे थोडक्यात. तुम्ही सगळे हवेवर बोलताय, मला त्या आजींच्या पायांची काळजी वाटतेय.

चिऊ, १४ वर्षांची शुगर म्हणजे तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. गच्ची मिळाली तर आई घरातल्यासारख्या अनवाणी वर जातील, एप्रिलमधली गच्ची नऊ वाजताच तापते, चटका बसला तरी कळणार नाही आणि संध्याकाळी फोड दिसेल. तो फोड घेऊन आत्ता दवाखान्याच्या रांगेत बसायची वेळ यायला नको. त्यामुळे साडेसातच्या आत, बंद बूट, सुती मोजे, आणि खाली आल्यावर तळवा रोज बघायचा, त्यांना वाकता येत नसेल तर तू बघ.

गच्ची मिळेपर्यंत पाऊण तास सलग नको, प्रत्येक जेवणानंतर घरातच १०-१५ मिनिटं चालायचं, जेवणानंतरची शुगर त्याने चांगली उतरते. खुर्चीवरून हात न लावता उठबस दहा वेळा. गोळ्या इन्सुलिन चालू असतील तर उपाशीपोटी फेऱ्या मारायला लावू नकोस, घाम थरथर वाटलं तर साखर तोंडात. ताप खोकला असेल त्या दिवशी काहीच नाही. आणि लिफ्ट वापरू नका म्हणणार होते पण ६६ वर्षांना चार जिने चढवू पण नका, लिफ्टमध्ये एकट्याने जा, बटण कोपराने दाबा, मास्क. गच्चीपेक्षा लिफ्टचीच भीती जास्त आहे मला.

चहाबाज_चिऊ (२० एप्रिल)

सिस्टर, मोजे काढून बघितलं. डाव्या टाचेला भेग आहे, रुपयाच्या नाण्याएवढी लांब, आई म्हणतात "ही? ही तर संक्रांतीपासून आहे". डॉक्टरांना फोटो पाठवलाय. तुमचे उपकार.

गिरणगावकर, कागद केला. चार कॉलम, विंगवार, अर्ध्या तासाला एकच घर, सही करून चावी. काका बघतो म्हणाले.

चहाबाज_चिऊ (७ जून २०२०)

धागा वर काढतेय. टाच आठ दिवसात भरली होती. चावी मिळाली पण ४ मे ला, म्हणजे काकांना कागद वाचायला दोन आठवडे लागले, आणि मिळाली तेव्हा कळलं की पहाटेचा पहिला स्लॉट काकांनी स्वतःच्याच नावावर लावून घेतलाय. शुगर १४१ वर आलीय.

आता ३ जूनपासून तर सरकारनेच चालणं, पळणं, सायकल सगळं सोडलंय, पहाटे ५ ते संध्याकाळी ७, घराजवळच, घोळका नको. काल आईंना घेऊन मैदानावर गेले. लोक लांब लांब चालतात हो नीट, पण फेरी संपली की मास्क हनुवटीवर आणि कठड्यावर खांद्याला खांदा. नाना, थर्मास पण होता. आई एक फेरी मारून म्हणाल्या चल घरी, गच्चीच बरी, तिथे डी विंगच्या काकू पलीकडच्या गच्चीवर असतात, ओरडून गप्पा होतात.

फक्त त्यांचे बूट फाटलेत. आमच्या बाजूची दुकानं आज उघडी, समोरची उद्या, आणि घेतलेला माल बदलून मिळणार नाही असा नियम आहे. आईंना एका पायाला ६ लागतो आणि एका पायाला ७. काय करू?

पांढरी_चप्पल

७ घ्या. लहान पायात जाड मोजा. ६ अजिबात नको, टाच आठवतेय ना?

नाना_निवृत्त

थर्मासवाला मी नव्हतो.