मदत हवी आहे: दारूविषयीच्या सरकारी सल्ल्यांच्या बातम्या कशा वाचायच्या?

नमस्कार मंडळी. बाबा रोज थोडी घेतात. 'थोडी चालते' अशी बातमी आली की कात्रण जपून ठेवतात, उलट आली की म्हणतात, "यांचं रोज मत बदलतं." त्यांना नीट समजवावं म्हणून मूळ सल्ले वाचायला बसले, तर गोंधळ वाढलाच.

कॅनडाचा जानेवारी २०२३ चा सल्ला घ्या. बऱ्याच बातम्यांत 'आठवड्याला दोनच' एवढंच उरलं. मुळात त्यात जोखमीच्या पायऱ्या आहेत: आठवड्याला १-२ पेयांना कमी, ३-६ ला मध्यम, ७ पासून वाढत जाणारी. शिवाय मापं वेगळी! ब्रिटनचं एक युनिट ८ ग्रॅम अल्कोहोलचं, ऑस्ट्रेलियाचं प्रमाणित पेय १० ग्रॅमचं, अमेरिकेचं १४ चं. बातमीत सगळ्यांचा सरसकट 'एक पेग' होतो. मला हे फार घातक वाटतं, कारण घरातला पेला कुणी मोजत नाही.

'धोका इतक्या टक्क्यांनी वाढतो' असं छापतात तेव्हा मूळ धोका किती होता, हे कसं शोधायचं? आणि आरोग्य क्षेत्रातल्या कुणी वडीलधाऱ्यांना हे समजावलं असेल, तर सुरुवात कुठून केलीत? बाबा चिडले की विषयच बंद होतो.