मदत हवी आहे : संपादकाचा हात न फिरलेल्या पुस्तकाचे परीक्षण कसे करावे?

पानखूण

नमस्कार मंडळी,

स्वतंत्र लेखकांनी स्वतःच प्रकाशित केलेल्या नव्या पुस्तकांची परीक्षणे मी नियमितपणे लिहितो. रहस्यकथा, विज्ञानकथा, कवितासंग्रह, आत्मकथन, आर्थिक नियोजनाचे मार्गदर्शन असे जे येईल ते वाचतो. कारण या पुस्तकांना वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सहसा जागा मिळत नाही आणि पहिल्या मोजक्या वाचकांनी लिहिलेल्या चार ओळी वाचूनच पुढचे वाचक पुस्तक उघडायचे की नाही हे ठरवतात. काम आवडीचे आहे, पण त्यात एक अडचण वारंवार येते आणि तिचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्रस्थापित प्रकाशन संस्थेचे पुस्तक हाती येते तेव्हा ते आपल्याआधी निदान एका संपादकाने आणि एका मुद्रितशोधकाने वाचलेले आहे, असे आपण न बोलता गृहीत धरतो. स्वप्रकाशित पुस्तकात तशी खात्री नसते. काही लेखक स्वखर्चाने उत्तम संपादन करून घेतात, काहींचे हस्तलिखित मात्र थेट वाचकासमोर येते, आणि मुखपृष्ठ पाहून यांतले कोणते आपल्या हाती आहे हे कळत नाही. याचा सर्वाधिक त्रास रहस्यकथेत होतो. सध्या वाचनात असलेल्या एका कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात साक्षीदार डाव्या हाताने सही करतो आणि चौदाव्या प्रकरणात तोच साक्षीदार उजव्या हाताने चिठ्ठी लिहितो. मी पान दुमडून ठेवले, हाच धागा असणार अशी मनाशी खूणगाठ बांधली आणि शेवटपर्यंत त्याची वाट पाहत राहिलो. शेवटी उलगडा झाला तो भलत्याच गोष्टीचा. हाताचा उल्लेख पुन्हा आलाच नाही. रहस्यकथेत लेखकाची नजरचूक आणि लेखकाने मुद्दाम पेरलेला दुवा हे दोन्ही दिसायला अगदी सारखे असतात, आणि ज्या पुस्तकाच्या संपादनावर विश्वास ठेवता येत नाही त्यात वाचकाची तर्क करण्याची मौजच निघून जाते.

आता प्रश्न असा की, परीक्षणात हे कितपत लिहावे? असे दोष मोजत बसलो तर परीक्षण शुद्धिपत्र होते, गाळले तर वाचकाची फसवणूक होते. दुसरे असे की, कवितासंग्रहाला आणि गुंतवणुकीच्या मार्गदर्शकाला एकच मोजपट्टी लावणे मला जमत नाही, पण प्रत्येक प्रकाराला वेगळी लावली तर माझ्या तुलनेला अर्थ राहत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समासटीप

पानखूण, प्रश्न चांगला मांडला आहे. अमेरिकन कादंबरीकार आणि समीक्षक जॉन अपडाइक यांनी परीक्षकांसाठी काही नियम लिहून ठेवले होते, जे १९७५ च्या त्यांच्या संग्रहात आहेत. त्यांतला पहिलाच असा की, लेखकाला काय साधायचे होते ते आधी समजून घ्यावे आणि जे त्याने करायला घेतलेच नव्हते ते न जमल्याबद्दल त्याला दोष देऊ नये. तुमच्या मोजपट्टीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यात आहे. मोजपट्टी साहित्यप्रकाराने ठरत नाही, पुस्तकाने वाचकाला दिलेल्या वचनाने ठरते, आणि ते वचन मलपृष्ठावर, पहिल्या प्रकरणात, कधी नुसत्या शीर्षकात असते. ‘घरबसल्या गुंतवणूक शिका’ असे सांगणाऱ्या पुस्तकात चक्रवाढ व्याजाचे उदाहरण चुकले असेल तर भाषा कितीही रसाळ असली तरी ते पुस्तक वचनाला जागलेले नाही. उलट आत्मकथनात एखादे वर्ष मागेपुढे झाले असेल तर माझ्या दृष्टीने तो किरकोळ दोष आहे, मात्र लेखकाने त्याच वर्षावर एखाद्या वादाचा निकाल उभारलेला नसावा.

चुकांबद्दल मी एकच कसोटी लावतो: ही चूक वाचकाला वाक्यातून बाहेर फेकते, की कथेतून? ऱ्हस्व-दीर्घाची चूक क्षणभर खटकते आणि वाचन पुढे सरकते; ती सरसकट असेल तर एका वाक्यात नोंदवावी. साक्षीदाराचा हात मात्र थेट कथानकाच्या तर्कावर आघात करतो. तो शुद्धलेखनाच्या खात्यात टाकू नका, रचनेचा दोष म्हणूनच लिहा. कवितासंग्रहात संपादकाची उणीव आणखी वेगळ्या रीतीने दिसते: एकेक कविता बरी असते, पण निवड झालेलीच नसते, त्यामुळे एकाच प्रतिमेच्या पाच कविता लागोपाठ येतात आणि चांगली कविता तिच्याच भावंडांच्या गर्दीत हरवते. तिथे ‘कविता एकसुरी आहेत’ असे न लिहिता ‘संग्रह निम्मा असता तर दुप्पट परिणामकारक झाला असता’ असे लिहिणे अधिक न्याय्य आहे.

अर्धविराम

वरील प्रतिसादाशी सहमत. फक्त परीक्षणासोबत संकेतस्थळांवर पाचपैकी जे तारे द्यावे लागतात त्यांबद्दल एक सावधगिरी. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तीन तारे म्हणजे ‘आवडले’ असा अर्थ दिलेला आहे, तर अ‍ॅमेझॉनवर तीन ताऱ्यांचा अभिप्राय टीकात्मक गटात मोजला जातो. तोच आकडा दोन्हीकडे दिला तर तुमचे मत दोन ठिकाणी दोन वेगळ्या अर्थांनी वाचले जाईल.

खडा_मसुदा

माझे मत थोडे परखड आहे. ‘नवोदित आहे, सांभाळून घ्या’ हा सूर मला लेखकाचाच अपमान वाटतो. वाचक आपले आठ तास देतो, ते लेखकाने संपादकाला पैसे दिले की नाही हे विचारून देत नाही. समासटीप यांची कसोटी मान्य आहे, पण ‘संपादनाअभावी’ हा शब्द परीक्षणात फार वापरू नये. त्यामुळे दोष कुणा अनुपस्थित माणसाच्या माथी जातो. स्वप्रकाशनात प्रकाशक लेखकच असतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

शिवाय पुस्तक लेखकाने विनामूल्य पाठवले असेल तर ते परीक्षणात स्पष्ट लिहा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या तेव्हापासून तिथे मोफत मिळालेल्या वस्तूची अशी कबुली अपेक्षित आहे. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये वस्तूच्या मोबदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर बंदी घातली, पण पुस्तकांच्या आगाऊ प्रती (प्रकाशनापूर्वी परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या) तिच्यातून वगळल्या; अट एवढीच की, प्रत देताना अभिप्रायाची किंवा तो अनुकूल असण्याची सक्ती नसावी. अंतिम मजकूर आधी दाखवा असा आग्रह धरणाऱ्या लेखकाची प्रत मी तरी परत पाठवतो.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. ‘वाक्यातून की कथेतून’ ही कसोटी मी उचलतो आहे. खडा_मसुदा यांचा मुद्दाही पटला, आणि प्रत लेखकाकडून आल्याची नोंद मी आधीपासून करतोच. आता रहस्यकथेसाठी पुढील मजकूर लिहिला आहे:

‘कथानकाची उकल अनपेक्षित असूनही न्याय्य वाटते, आणि तिची बीजे पहिल्या पन्नास पानांत सापडतात, हे लेखिकेचे खरे यश. मात्र पात्रांच्या शारीरिक तपशिलांत काही विसंगती राहून गेल्या आहेत आणि त्या दुव्यांसारख्या भासतात. चौकस वाचकाने त्यांच्या मागे लागू नये.’

यात रहस्यभेद होतो का, हे सांगावे. आणखी एक प्रश्न राहिला: ज्या पुस्तकाबद्दल चांगले काहीच लिहिता येत नाही त्याचे काय करावे? लेखक वाट पाहत असतो आणि मौन हेही एक मतच ठरते.

समासटीप

रहस्यभेद होत नाही, पण ‘शारीरिक’ हा शब्द काढा, नाहीतर वाचक प्रत्येकाचे हातपाय तपासत बसेल. कोणत्या पानावर काय खटकले ते लेखिकेला खासगीत कळवा.

मौनाबद्दल इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये परीक्षकाच्या हलाखीवर लिहिलेल्या लेखाची आठवण होते. बहुसंख्य पुस्तकांकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि जी महत्त्वाची वाटतात त्यांच्यावर निदान हजारेक शब्दांचे सविस्तर लिहावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यांच्यासमोर मात्र संपादकाच्या टेबलावरून आलेली पुस्तके होती, वाट पाहणारा लेखक नव्हता. म्हणून मी प्रत स्वीकारतानाच कळवतो की, वाचेन पण लिहीनच असे नाही. न लिहिल्यास लेखकाला दोन ओळींत कारण सांगतो. अपवाद एकच: आरोग्याबद्दल किंवा पैशांबद्दल घातक सल्ला देणारे पुस्तक असेल तर मौन सोडून स्पष्ट लिहावे.

मुद्राराक्षस

व्यवसायाने मुद्रितशोधक असल्यामुळे एक भर घालतो. ई-पुस्तक किंवा मागणीनुसार छापले जाणारे पुस्तक असेल तर लेखक प्रकाशनानंतरही मूळ फाइल बदलू शकतो, आणि तुम्ही खासगीत दाखवलेली चूक बहुतेक वेळा लवकरच दुरुस्त होते. मग तुमचे परीक्षण वाचून पुस्तक घेणाऱ्याला ती विसंगती सापडतच नाही आणि खोटे तुम्ही ठरता. त्यासाठी परीक्षणाच्या शेवटी प्रत कोणत्या महिन्यात मिळाली आणि ती आगाऊ होती की विक्रीची, हे लिहीत जा. लेखिकेने दुरुस्ती केल्याचे कळवले तर जुना मजकूर खोडू नका, खाली तारीख घालून एक ओळ जोडा.