मक्याने नत्र अडकवलं की सोयाबीनने दिलं? कांद्याची पात पिवळी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. निफाड तालुका, काळी जमीन. एकाच रानात उन्हाळ कांदा लावलाय. खरिपाला अर्ध्यात सोयाबीन होतं, अर्ध्यात मका. मक्याचे धांडे कुट्टी करून रोटाव्हेटरने मातीत मिसळले. रोप, खत, पाणी सगळं सारखं. लागणीला महिना होत आला, तर सोयाबीनच्या बेवडावर (म्हणजे आधी सोयाबीन होतं त्या भागात) पात हिरवीगार आणि मक्याच्या बेवडावर पिवळट.

पिवळेपणा जुन्या पातीच्या शेंड्याकडून येतोय, मधली कोवळी पात हिरवी आहे. म्हणून गंधकापेक्षा नत्राचीच कमतरता वाटते. फुलकिड्यांचे चंदेरी ओरखडे नाहीत, करपाही नाही. माती उकरली की धांड्यांचे तुकडे निघतात, आतला भेंड मऊ झालेला पण साल अजून शाबूत.

मला समजतं ते असं. वाळल्या धांड्यात नत्राच्या एका भागाला कर्बाचे ५०-६० भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंचं साधारण २५ला १ पर्यंत भागतं. कर्ब त्याहून जास्त असला की ते मातीतलं पिकाला घेता येणारं नत्र (अमोनियम आणि नायट्रेट) उचलतात, म्हणजे कांद्याच्या तोंडचंच. हे नत्र वाया जात नाही. जिवाणू मेले की अमोनियम होऊन सुटतं, मग नायट्रोसोमोनास हा जिवाणू त्याचं नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर हा दुसरा जिवाणू नायट्रेट. पण आमच्याकडच्या थंडीत हे सगळं रेंगाळतं.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी फुलोऱ्यात नखाने फोडून पाहिल्या होत्या, आतून चांगल्या लालसर गुलाबी. म्हणजे गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंचं हवेतलं नत्र धरायचं काम चालू होतं. पण धरलेलं नत्र बहुतेक दाण्यात जातं आणि दाणे तर बाजारात गेले. मग हिरवेपणा सोयाबीनच्या देण्याचा, की तिथे मक्यासारखी अडवणूक झाली नाही एवढ्याचाच?

खरी काळजी पुढची आहे. नत्राचे हप्ते ३० आणि ४५ दिवसांनी द्यायचे असतात. मक्याच्या भागात युरिया वाढवला तर तोही जिवाणूच धरतील का? आणि ऊन वाढल्यावर, कांदा पोसायच्या वेळी, हे अडकलेलं नत्र एकदम सुटलं तर? उशिरा नत्र मिळालं की माना जाड होतात आणि कांदा चाळीत टिकत नाही. जास्त पाणी भरलं तर नायट्रेट कांद्याच्या उथळ मुळांखाली निघून जातं, त्यामुळे तीही सोय नाही.

धांडे जाळायचे नाहीत हे पक्कं आहे, जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवायचाच आहे. मका गाडून त्यावर कांदा घेणाऱ्यांनी कृपया सांगा: गाडणी आणि लागण यांत किती अंतर ठेवता, आणि गाडतानाच थोडा युरिया टाकता का? यंदाच्या पिकाला येत्या हप्त्यात युरिया किती वाढवू, तेही सांगा. हप्त्याची वेळ जवळ आली आहे.