अब्बासउद्दीन यांच्या गाण्यात आवाज मधेच का तुटतो?

प्रश्न (निपाणी)
आमच्या वाचनालयाच्या पुढील मासिक बैठकीत बंगालचे लोकगायक अब्बासउद्दीन अहमद (१९०१–१९५९) यांच्याविषयी मला बोलायचे आहे. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आठ दिवस ऐकत आहे आणि भाषा फारशी कळत नसली तरी गाडीवानाला घातलेली साद ऐकताना अंगावर काटा येतो. मात्र लांबवलेल्या सुरात त्यांचा आवाज मधेच मोडतो, क्षणभर वर उसळतो आणि पुन्हा जागेवर येतो. हा मुद्रणातील दोष म्हणावा की गाण्याची रीत? आणि त्यांना कोठले म्हणावे, भारताचे की बांगलादेशाचे?

उत्तर (खानापूर)
दोष मुळीच नाही. हे भावैया गाणे असून कूचबिहार, जलपाईगुडी, रंगपूर आणि आसामातील गोवालपाडा हा त्याचा मुलूख आहे. गाडीवान, म्हशी राखणारे आणि माहूत यांच्या तोंडी ते वाढले; गाणारा पुरुष असला तरी शब्द पुष्कळदा घरी वाट पाहणाऱ्या स्त्रीचे असतात. खडबडीत वाटेवर चाक आदळले की गाडीवानाचा सूर तुटे आणि त्यातूनच ही ढब आली, असे तिकडे सांगतात. मला ते पटते, कारण लहानपणी रात्री उसाच्या गाडीवर आजोबांशेजारी बसलो असता, चाक खड्ड्यात गेले की त्यांच्या अभंगातील ‘विठ्ठला’ मधोमध दुभंगत असे.

उत्तर (संकेश्वर)
वाद्याचेही सांगावे. यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके आपण सर्वांनी ऐकले आहे: काखेत धरायचे, एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्या हातातील काडीने छेडायची. बंगालमध्येही याच जातीचे वाद्य वाजते.

उत्तर (बेळगाव)
संकेश्वरकर म्हणतात ते वाद्य खमक होय, परंतु ते प्रामुख्याने बाउलांचे, म्हणजे बंगालच्या फिरत्या गायक-साधकांचे. भावैयाची खरी सोबत दोताऱ्याची. नावात दोन तारा असल्या तरी त्याला बहुधा चार असतात. ही गल्लत बैठकीत होऊ देऊ नये.

आता गावाचे. अब्बासउद्दीन यांचा जन्म कूचबिहार संस्थानातील तुफानगंजजवळच्या बलरामपूरचा. कोलकात्यात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि तेथेच कवी काझी नझरुल इस्लाम यांचा सहवास लाभला. इस्लामी गीते खपणार नाहीत अशी ग्रामोफोन कंपनीची धास्ती होती. अब्बासउद्दीन यांनी आग्रह सोडला नाही, आणि नझरुल यांनी रचलेले रमजानअखेरचे ईदगीत त्यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. फाळणीनंतर ते ढाक्याला गेले व तेथेच निवर्तले. कूचबिहार १९४९ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९५० मध्ये पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. त्यामुळे जन्मगाव भारतात राहिले, तर त्यांच्या गाण्यातील चिलमारी बंदर आज बांगलादेशात आहे. १९५६ नंतर आपल्याकडे ज्यांचे घर एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्या राज्यात राहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मी त्यांना कूचबिहारचे म्हणेन.

प्रश्नकर्ता (निपाणी)
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. खानापूरकर, आजोबांची आठवण बैठकीत सांगण्याची अनुमती द्यावी. भाषणाआधी ते गाडीवानाचे गाणे पूर्ण ऐकवीन आणि जेथे सूर तुटतो तो भाग पुन्हा एकदा लावीन.