"कोरियन कुटुंबात राहा, भाषा आपोआप येते": हा सल्ला आता पुरे

खडीसाखर
कोरियाला शिकायला निघालेल्यांच्या धाग्यावर काल एक सल्ला वाचला: "कोशीवॉनच्या खुराड्यात कोंडून घेण्यापेक्षा कोरियन कुटुंबात राहा. भाषा आपोआप येते, जेवणाची चिंता मिटते, परक्या देशात आई मिळते." खाली अंगठ्यांची रांग. (कोशीवॉन म्हणजे एकेकट्यासाठीच्या भाड्याच्या चिमुकल्या खोल्या.) तिथे उत्तर लिहायला बसले ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

"आपोआप"पासूनच सुरू करू. भाषाशाळेचं एक सत्र दहा आठवडे, दोनशे तास. रोज चार तास वर्ग, वर गृहपाठ. घरातली मुलं शाळा सुटली की हाग्वॉनला (खाजगी शिकवणीला), ती उगवणार रात्री दहानंतर. बाप ऑफिसातून त्याहून उशिरा. उरते घरची काकू आणि तिचा टीव्ही. तिच्याशी होणारं बोलणं म्हणजे जेवलीस का, कधी येणार, गरम पाणी बंद केलंस का. ही तीन वाक्यं महिन्याभरात पाठ होतात आणि चौथ्याची गरजच पडत नाही.

दुसरी गोम जास्त वाईट. काकू तुमच्याशी बानमालमध्ये, म्हणजे एकेरीत, बोलणार, कारण त्या घरात तुम्ही लहान. "पाप मॉगॉस्सॉ?" हेच कानात बसतं आणि वर्गात शिक्षिकेसमोर तेच तोंडातून निघतं. प्राचार्यांना "जेवलास का रे" विचारल्यासारखं. तिथे "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" हवं. क्रियापदात आदरार्थी "शी", शेवटी "यो", शिवाय "पाप"चं "शिक्सा". म्हणजे शब्दच बदलतो. आदराची ही भाषा घरात ऐकूच येत नाही, कारण तिथे कुणी तुम्हाला आदर देणार नसतं.

तिसरी गोष्ट, "भाड्यात सूट देतो, धाकट्याला रोज तासभर इंग्रजी शिकवा." सूट हाही मोबदलाच. शिक्षणासाठीच्या डी-२ किंवा डी-४ व्हिसावर परवानगी न काढता हे करणं म्हणजे बेकायदा काम. आणि मग त्या घरात तुम्ही बोलणार काय? इंग्रजी!

टपालपेटी
तो सल्ला माझाच होता, त्यामुळे उत्तर देणं आलं. बाईंचा राग समजला, हिशेब मात्र कुठे दिसला नाही.

सोलमध्ये वनरूम, म्हणजे चूल-न्हाणीसह स्वतंत्र खोली, भाड्याने घ्यायची तर ठेव ऐकू येते "चॉनमान". म्हणजे आपले बरोबर १ कोटी वॉन, सहा लाख रुपयांच्या आसपास. परत मिळते हो, पण नुकत्याच उतरलेल्या पोराने आधी उभी कुठून करायची? भाडं आणि गॅसबिल वेगळंच. कोशीवॉनला मोठी ठेव लागत नाही, मान्य. पण खोली पलंगाएवढी, खिडकी हवी तर जास्त पैसे, आणि शेजारचा कूस बदलतो तेही ऐकू येतं. होमस्टेत दोन वेळचं जेवण, गादी, वायफाय, वॉशिंग मशीन, सगळं एका आकड्यात.

बानमालचा बाऊही उगाच. पहिल्या आठवड्यात काकूला सांगायचं, "मी चोंदेमालमध्येच (आदरार्थीच) बोलणार, चुकले तर टोका." कोरियन बायका टोकण्यात मागे नसतात. वाक्याची घडण आपल्यासारखीच, कर्ता-कर्म-क्रियापद. कान तयार झाला की मराठी माणूस झपाट्याने पुढे जातो, आणि कान घरातच तयार होतो.

अर्धविराम
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण "सोल"? वर्तमानपत्रांनी "सेऊल" करून ठेवलंय, आता तुम्ही बुटाचा तळवा केलात. ते सॉ-उल आहे, दोन अक्षरं. रोमन लिपीत ई आणि ओ शेजारी दिसले की तो एकच स्वर, आपल्या "ऑ"च्या जवळचा. देवनागरी हाताशी असताना रोमनवरून कोरियन वाचणाऱ्यांना काय म्हणावं? क आणि ख वेगळे ऐकू येणारा कान आपल्याला फुकट मिळालाय. इंग्रजी बोलणारे त्यासाठी वर्षभर झगडतात.

टपालपेटी
सॉ-उल. झालं समाधान?

भुईमूग
दोघेही मूळ प्रश्नाला बगल देताय. घर कसलं हे नंतर, आधी कागद कोण देणार ते बघा.

उतरल्यापासून ९० दिवसांत परदेशी नोंदणी करावी लागते. अर्जाला राहण्याचा पुरावा जोडायचा. स्वतःच्या नावावर भाडेकरार असेल तर तो, नाहीतर "राहायला जागा दिली आहे" असं यजमानाच्या सहीचं पत्र, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. इथेच गाडं अडतं. यजमान स्वतःच भाडेकरू असेल आणि मूळ मालकाला न सांगता खोली देत असेल, किंवा मिळकत दाखवायची नसेल, तर सही टाळली जाते. "पुढच्या आठवड्यात बघू" करत दोन महिने जातात. म्हणून आगाऊ पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: नोंदणीसाठी सही आणि ओळखपत्राची प्रत देणार का? उत्तर गोलमोल आलं तर ते घर सोडा.

घर बदललं तर पंधरा दिवसांत नवा पत्ता कळवायचा, नाहीतर दंड. पटलं नाही म्हणून तडकाफडकी बाहेर पडणारे हे हमखास विसरतात.

आणि "दोन वेळचं जेवण" म्हणजे नेमकं काय? शनिवार-रविवारी मिळतं का? चुसोकला, कोरियन सुगीच्या सणाला, घर गावाला गेलं तर? २०२५ मध्ये चुसोक ६ ऑक्टोबरला होता, आपल्या कोजागरीच्याच दिवशी. आसपासची छोटी खानावळ त्या दिवशी बंद असते. मागे राहिलेल्याने काय खायचं हे आधी ठरलेलं बरं.

ओवा
जेवणाचा विषय निघालाच आहे तर बोलते. "जेवणाची चिंता मिटते" हे वाक्य शाकाहारी मुलांना सांगणाऱ्याला महिनाभर त्याच जेवणावर ठेवलं पाहिजे.

मांडे मनात
आलं! कोरियाला जायचं आणि शाकाहाराचं तुणतुणं वाजवायचं. एवढं असेल तर घरी बसा. आणि किमची म्हणजे कोबीचं लोणचंच की. शाकाहारीच आहे.

ओवा
नाही, मांडेसाहेब, शाकाहारी नाही. नेहमीच्या किमचीत चॉतकाल असतं. कधी म्यॉल्ची या माशांचा आंबवलेला रस, कधी बारीक कोळंबी खारवलेलं सेउजॉत, पुष्कळदा दोन्ही. तिखट नसलेल्या पांढऱ्या किमचीतही असू शकतं. वर "कोबी" म्हणताय तो आपला गड्डा नव्हे, लांबट पानांचा पेचू.

खरा घोटाळा शब्दाचा होतो. मुलं "कोगी आन मॉगॉयो", मांस खात नाही, एवढंच शिकून जातात. कोरियन कानाला कोगी म्हणजे मुख्यतः गाय-डुक्कर-कोंबडी. मग ताटात हॅम येतो, माशाच्या लगद्याचा ऑमुक येतो, आणि काकू मनापासून म्हणते, यात मांस नाही. त्वेनजांग चिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची आमटी, दिसायला टोफू आणि दुधी-काकडीच्या मधलं काहीतरी, पण पाणी उकळलेलं असतं सुक्या म्यॉल्चीत. हल्ली मासे आणि समुद्री शेवाळ एकाच पुरचुंडीत मिळतं, त्यामुळे "मासे काढून टाका" म्हणण्यात अर्थ नाही. दाशिदा ही सूपाची तयार पूड घातली असेल तर त्यात बहुधा गोमांसाचा अर्क. ज्यांना ते चालत नाही त्यांनी डब्यावरचं नाव ओळखायला शिकावं.

पाठ करायचं वाक्य हे: "म्यॉल्ची युक्सूदो आन त्वेयो." म्यॉल्चीचं पाणीसुद्धा चालत नाही. त्याला पर्याय सांगायचा: दाशिमा शेवाळ आणि सुके प्योगो मशरूम. चव भरपूर येते आणि काकूला वेगळा घाट घालावा लागत नाही, स्वतःची वाटी बाजूला काढून मग बाकीच्यांसाठी म्यॉल्ची टाकता येते.

किमचीचंही तसंच. नोव्हेंबर-डिसेंबरात किमजांग, म्हणजे हिवाळ्याची किमची एकदम घालण्याचा घाट, असतो. सगळ्या गड्ड्यांचा मसाला मोठ्या रबरी टबात एकदम कालवतात. तो कालवल्यावर "माझ्यासाठी बिनमाशांची" म्हणाल तर उशीर झाला. आदल्या दिवशी सांगा, पेचू मिठात घालतात तेव्हाच. दोन गड्ड्यांचा मसाला वेगळा काढायचा आणि चॉतकालऐवजी सूपासाठीचा खारट सोया सॉस, गड्ड्यामागे दोन-तीन मोठे चमचे. चिकट तांदळाची खळ तीच चालते. आणि पेचूला मसाला चोपडायला स्वतः बसा. पाहुण्यासारखं लांबून बघणाऱ्याची वेगळी बरणी कुणी करत नाही.

मांडे मनात
एवढं सगळं करण्यापेक्षा अंडं खा ना.

ओवा
अंडं खाणाऱ्याला रोज केरान-मारी मिळतेच. तीनशे दिवस ऑम्लेटची गुंडाळी. लागा तयारीला.

खडीसाखर
ओवा, माहिती उत्तम, पण यातून सिद्ध माझंच म्हणणं होतं. भाडं भरणाऱ्याने यजमानाला स्वयंपाक शिकवायचा? वनरूममध्ये स्वतःचा कुकर लावून मोकळं व्हावं.

टपालपेटी
आणि फोडणी? वनरूमची चूल बिछान्यापासून चार पावलांवर. हिंग-मोहरी तडतडली की पुढचे तीन दिवस रजईला वास.

मांडे मनात
कोरियन घरात हिंगाची फोडणी म्हणजे हाकलून देण्याची सोय.

ओवा
चॉन्गुक्जांग, म्हणजे उग्र वासाचं आंबवलेलं सोयाबीन, उकळणाऱ्या घराने हिंगाच्या वासाबद्दल बोलू नये. पण गंमत आहे. कोरियन बौद्ध मठातल्या जेवणात पाच उग्र वस्तू वर्ज्य, त्यांना ओशिन्छे म्हणतात: लसूण, पातीचा कांदा, बुचू, दाल्ले (दोन्ही कांद्या-लसणाच्याच कुळातल्या) आणि पाचवी हुंगॉ. हुंगॉ म्हणजे चक्क हिंग. तो कोरियात पिकत नाही, बहुतेकांनी पाहिलेलाही नाही, पण निषिद्धांच्या यादीत आहे. म्हणून "मठासारखं जेवण करा" असं काकूला सांगितलं तर मासे जातात, चॉतकाल जातं, पण लसूणही जातो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना याहून सोपं वाक्य नाही. बाकीच्यांनी विचार करून बोलावं.

व्यवहारात: फोडणी सकाळी, गॅसवरचा पंखा पूर्ण वेगात, आणि बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आधी आत. भांडण वासावरून होत नाही, धुतलेल्या शर्टाला वास लागल्यावर होतं.

भुईमूग
भांडणं बहुतेक कचऱ्यावरून होतात, हे कुणीच लिहिलं नाही. ओला कचरा म्हणजे ओला असलेला कचरा नव्हे! जनावराला खायला घालता येईल तोच अन्नकचरा, कारण त्याचं पशुखाद्य किंवा खत होतं. कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, शिंपले, आंब्याची कोय, नारळाची करवंटी आणि चहाचा चोथा, हे सगळं साध्या कचऱ्यात, चोंगन्यांगजे या विकतच्या ठरावीक पिशवीत. आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा कचरा म्हणजे नेमकी हीच यादी. अपार्टमेंटमध्ये अन्नकचऱ्याच्या डब्याला घराचं कार्ड लावावं लागतं आणि वजनावर पैसे कापतात. म्हणून आधी पाणी निथळायचं. पातळ आमटी तशीच ओतणं म्हणजे पाण्याचे पैसे भरणं. चुकीचं वर्गीकरण सापडलं तर दंड, आणि पत्ता यजमानाचा.

अर्धविराम
पिशवीच्या नावातला "र" "न" होतो हे तुम्हाला माहीत आहे! या धाग्यावर पहिल्यांदाच आनंद झाला.

टपालपेटी
फरशी तापवणाऱ्या ओन्दोलचं कुणी बोलत नाहीये, म्हणून मीच लिहितो. बॉयलरच्या पटावर "शिल्ले" म्हणजे खोलीच्या हवेचं तापमान, "ओन्दोल" म्हणजे जमिनीखालून फिरणाऱ्या पाण्याचं. शिल्ले समजून ओन्दोल ७०-८० वर नेलं की महिन्याअखेरीस काकूचा चेहरा बदलतो. वर्गाला जाताना कडाक्याच्या थंडीत बंद करू नका, दोन-तीन अंशांनी उतरवा. गार पडलेली फरशी पुन्हा तापवायलाच गॅस जास्त जातो, आणि नळ गोठले तर वेगळंच संकट. "वेचुल" (बाहेर गेलोय) हा पर्याय अनेक दिवस बाहेर जाणाऱ्यांसाठी. सगळं घर ऊबदार आणि तुमचीच खोली थंड असेल तर सिंकखालच्या वाटपनळ्या बघायला सांगा, तुमच्या खोलीची चावी पूर्वीच्या पाहुण्याने बंद केलेली असू शकते.

आणि त्याच फरशीवर, रजईखाली, दही सुरेख लागतं. विरजणाला बिनसाखरेचंच दही घ्या. "प्लेन" लिहिलेल्यातही साखर असते.

खडीसाखर
बरं. दह्यासाठी एक गुण दिला. पण तुमच्या मूळ सल्ल्यात यातलं एक अक्षर नव्हतं. सहीचा कागद नव्हता, म्यॉल्ची नव्हती, बॉयलर नव्हता. होती फक्त "आई". तिथेच हे लिहिलं असतंत तर हा धागा निघालाच नसता.

टपालपेटी
"आपोआप" मागे घेतो. "आई" ठेवतो.

खडीसाखर
ठेवा. पण मुलांना शिकवा, तिला नुसतं ऑमॉनी (आई) नाही, "ऑमॉनिम" म्हणायचं. परक्याच्या आईला "निम" लागतो.

मांडे मनात
एवढं वाचून शेवटी कळलं नाही: चहाचा चोथा कुठे टाकायचा?

भुईमूग
चोंगन्यांगजे पिशवीत. रंग विचारू नका, प्रत्येक "गू"मध्ये, म्हणजे शहराच्या प्रभागात, वेगळा असतो.